मिठावरचा माणूस आणि बर्फातला कुत्रा

कुत्र्याची जीभ जांभळी पडली होती. आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या पॅसेजमध्ये तो आडवा पडला होता. अंगावर ओलं गोणपाट होतं. बाळारामशेठ त्याचं डोकं मांडीवर घेऊन चमच्याने त्याच्या तोंडात पेज ओतत होता. पेज आत जात नव्हती. गालातून बाहेर येऊन शेठच्या लुंगीवर सांडत होती.

मी आरडाओरडा ऐकून खाली आले होते.

"वयनी, मीठ आन!" शेठ माझ्यावर ओरडला.

"पेजेत घातलंय ना?"

"आनखी आन! जल्ला, यो डोला उघडत नाय!"

माणसाचा असो की कुत्र्याचा, टेकीला आलेला जीव मला कळतो. माझी सासू आणि माझा नवरा दोघंही माझ्या हातावर गेले. या कुत्र्याच्या फासळ्या लोहाराच्या भात्यासारख्या हलत होत्या आणि मध्येच थांबत होत्या. पायाचे तळवे सोलून निघालेले. मग माझं लक्ष शेठच्या पायांकडे गेलं. तेही तसेच. टाचेला डांबर चिकटलेलं आणि बोटांखाली फोड.

"तुमच्या पायांना काय झालं?"

"माजं पाय ऱ्हाऊदे. तू मीठ आन."

मी मीठ आणलं नाही. रिक्षा बघायला रस्त्यावर गेले. भर दुपारी कोपरला रिक्षा मिळायला वेळ लागतो, तोवर हा माणूस कोण ते सांगते.

आमची बिल्डिंग खाडीच्या बाजूला आहे. नाव हिराई. हिराबाई म्हणजे शेठची बायको, ती आता नाही. जमीन शेठच्या बापजाद्यांची. वर भातशेती आणि खाली खाडीला लागून मिठागर. त्याला ही माणसं आगर म्हणतात. शेठने तरुणपणी आगरात काम केलेलं. पुढे आगर बंद पडलं, शेतात बिल्डिंगा उभ्या राहिल्या आणि बाळारामचा बाळारामशेठ झाला. गळ्यात जाड साखळी आली. बाकी काही बदललं नाही. लुंगी तीच, आवाज तोच. खाडीच्या या काठावरून त्या काठाला हाक मारायची सवय, त्यामुळे शेजारच्याशी बोलला तरी तिसऱ्या मजल्यावर मला ऐकू येतं.

मी मूळची संगमेश्वरकडची. नवरा ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये कारखान्यात होता, तो रिटायर झाल्यावर आम्ही इथे जागा घेतली. पहिल्याच दिवशी शेठने मला विचारलं, "वयनी, जनावर हाय का घरात?"

"नाही."

"पाखरू?"

"नाही."

"काय पन नाय?"

"नवरा आहे."

तेव्हापासून तो मला जरा मान देतो.

शेठचं एक वाक्य आहे. "मी मिठावरचा मानूस हाय. ऊन मना शिकवू नको." हे तो कुठेही म्हणतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये टाकीचा विषय निघाला, तरी म्हणतो. डॉक्टरने साखर तपासायला सांगितली, तर डॉक्टरलाही म्हणाला. साखरेचा आणि उन्हाचा संबंध काय, हे डॉक्टरने विचारलं नाही. मीही विचारत नाही.

होळी पेटली की त्याचा उन्हाळा सुरू होतो. होळीच्या दुसऱ्या दिवशी तो माळ्यावरून मातीची कुंडी काढतो आणि आळीतल्या झाडून सगळ्या जनावरांचा ताबा घेतो. फाटकापाशी एक कुंडं, गच्चीवर कावळ्यांना एक आणि जिन्याच्या प्रत्येक मजल्यावर एक. रोज सकाळी काथ्याने घासून पाणी बदलतो. मच्छरवाले लोक आले की कुंडी उपडी करतात. हा त्यांच्या मागून जातो आणि पुन्हा भरतो. माझ्या दारासमोरच्या कुंड्यात एकदा माझा पाय गेला आणि मी साडीसकट भिजले.

"शेठ, तिसऱ्या मजल्यावर पाणी कुणासाठी? कुत्रं चढून येतं इथवर?"

"मांजर येते."

"मांजर माझ्या घरात शिरून दूध पिते. तिला पाणी कशाला?"

"दूध पिल्यावर तहान लागते," शेठ म्हणाला आणि कुंडं परत भरलं.

उन्हाळ्यात मांजरं गाड्यांखाली सावलीला निजतात. म्हणून शेठ कुणालाही गाडी सुरू करू देत नाही. आधी येऊन बॉनेटवर दोन थापा मारतो, खाली वाकून बघतो, मग हात हलवतो, जा. एका पाहुण्याची नवी गाडी होती. तो भडकला. "अहो काका, पत्रा चेपेल! मांजर कुठे होती खाली?"

"नव्हती ना? मग बरा झाला, जा," शेठ म्हणाला.

पहिल्या मजल्यावर कुणी लव्हबर्डचा पिंजरा गॅलरीत उन्हात टांगला तर हा खालून बोंबलतो, "अरे पयला माला! तुजी पाखरा भाजून निघाली!" आणि पिंजरा आत जाईपर्यंत हलत नाही.

सगळ्यात गाजलं ते सामंतबाईंचं प्रकरण. सामंतबाई दुसऱ्या मजल्यावर राहतात, बँकेत होत्या. त्यांच्याकडे चपट्या नाकाचा पग आहे, कुकी नावाचा. बाई अंघोळ, देवपूजा, चहा सगळं आवरून कुकीला फिरवायला काढायच्या. तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असायचं. कुकीचा घसा घरघरत असायचा. बाईंना वाटायचं, तो गातो.

शेठने फाटकात त्यांना अडवलं.

"बाई, चप्पल काढा."

"का?"

"काढा त खरी."

बाईंना वाटलं पुढे कुठे पूजाबिजा चालू असेल. त्यांनी चप्पल काढली.

"आता रस्त्यावर उभ्या ऱ्हावा. मी सांगेन तवर."

बाई उभ्या राहिल्या आणि लगेच नाचायला लागल्या. आई गं, आई गं करत चपलेकडे धावल्या, तर चप्पल शेठने उचललेली.

"तुमच्या पायाला चप्पल हाय. त्याच्या पायाला कुटं हाय?" शेठने कुकीकडे बोट केलं. कुकी तोवर शेठच्या सावलीत जाऊन बसला होता.

तेव्हापासून सामंतबाई उजाडायच्या आत कुत्रा फिरवतात. शेठशी बोलत नाहीत. कुकी मात्र खाली आला की साखळी ताणून शेठच्या दाराकडे ओढतो, आणि बाई तोंड फिरवून त्याच्यामागे फरफटत जातात.

ऊन टाळून बाहेर पडायच्या या वेळेला शेठ आगराचा टायम म्हणतो. आगरात माणसं पहाटे उतरायची, ऊन चढलं की बाहेर यायची, पुन्हा ऊन कलतीला लागलं की जायची. मधल्या वेळात पडून राहायचं. डोक्यावर ओलं गोणपाट घ्यायचं आणि मीठ घातलेली पेज प्यायची. त्याच्या मते जगातल्या प्रत्येक जिवाला हाच टायम आणि हाच उपाय. माणूस असो, म्हैस असो, पग असो.

आता तो कुत्रा कुठून आला ते सांगते.

शेठला एकच मुलगा, नरेश. तो ठाण्याला घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहतो. इतक्या उंचावर की शेठ एकदाच गेला आणि खिडकीपासून लांब बसून परत आला. नरेशला एक मुलगी, स्वरा. तिच्या वाढदिवसाला नरेशने कुत्रा आणला. हस्की. डोळे निळे आणि अंगावर दुलईसारखे केस. बर्फात गाड्या ओढणारी जात. तो घोडबंदरला आणला. घरात एसी होता म्हणून निभावलं, पण नवरा-बायको कामाला गेली की कुत्रा एकटा पडून रडायचा. असा रडायचा की आजूबाजूच्यांना वाटायचं कुणाकडे काही झालं. तक्रारी झाल्या. मग एका सकाळी नरेशने त्याला इथे आणून बांधला.

"बाबा, थोडे दिवस सांभाळा."

ते थोडे दिवस अजून चालू आहेत. मी नरेशला तोंडावर म्हटलं, "अरे, फ्रीजमधली वस्तू आणून तू चुलीपाशी ठेवलीस." तो हसला. मी विनोद केला नव्हता.

कुत्र्याचं नाव स्नोई. शेठने एकदा म्हणून बघितलं आणि सोडून दिलं. त्याने त्याचं नाव सोन्या ठेवलं.

सोन्यासाठी शेठ रोज मासळी बाजारातून बर्फ आणायचा. कोळणी त्याला टोपल्यातला उरलेला बर्फ द्यायच्या. तो फरशीवर पसरून त्यावर कुत्रा निजवायचा. बर्फाला बांगड्याचा वास. कुत्र्यालाही बांगड्याचा वास. मग आळीतली सगळी मांजरं येऊन त्या कुत्र्याभोवती गोल करून बसायची आणि तो मधोमध राजासारखा निजायचा.

बिल्डिंगमधल्या प्रत्येकाने सल्ला दिला, याला भादरून टाका. एकाने न्हावी पण सांगितला. शेठने ऐकलं नाही.

"आगरात उघडा मानूस पयला पडतो. अंगावर कपडा होता तो टिकला. मी मिठावरचा मानूस हाय."

मी म्हटलं, "मिठावरचे आहात, तर एसी लावा ना. भाडी येतात एवढी."

शेठ उठून कुंड्यात पाणी घालायला गेला. सगळी म्हणायची, चिकट आहे म्हातारा. मीही म्हणायचे.

नरेश स्वराला घेऊन रविवारी यायचा. सकाळी यायचे आणि ऊन तापायच्या आत निघायचे, कारण या घरात स्वराला घामोळं यायचं. पोरगी गाडीतून उतरली की "स्नोई!" करून कुत्र्याच्या गळ्यात पडायची. शेठ मागे साखळी धरून उभा. मग तो तिला आठवडाभराच्या बातम्या सांगायचा. सोन्याने कावळा कसा हुसकला, सोन्याने साबण कसा खाल्ला, सोन्या सामंतबाईंच्या कुकीवर कसा रुसला. यातल्या अर्ध्या बातम्या खोट्या होत्या. मी वर गॅलरीत तांदूळ निवडत ऐकायचे, मला ठाऊक ना. दुसऱ्या कुठल्या विषयावर आजा आणि नात बोलल्याचं मी ऐकलेलं नाही. कुत्रा नसता तर ती दर रविवारी आली असती का, हे मी कधी विचारलं नाही. शेठनेही नरेशला कधी विचारलं नसावं.

तर त्या रविवारी ते निघायला उशीर झाला. स्वराला कुत्रा सोडवेना. बारा वाजून गेले. शेवटी नरेशने तिला उचलून गाडीत घातलं. शेठने बॉनेटवर थापा मारल्या, खाली वाकून मांजर बघितली, हात हलवला. त्यासाठी त्याने साखळी पायाखाली दाबून धरली होती. स्वराने मागच्या काचेतून हात केला, आणि सोन्याने हिसका दिला.

मी गॅलरीतून बघितलं. पुढे गाडी, गाडीमागे कुत्रा, कुत्र्यामागे लुंगी वर धरून बाळारामशेठ. चपला फाटकातच राहिलेल्या. लोकांना मजा वाटली, एकाने मोबाईल काढला. नरेशच्या गाडीच्या काचा बंद, एसी चालू. त्याला काही कळलं नाही. स्वरा मागच्या सीटवरून खाली वाकून काहीतरी शोधत असेल. गाडी वळली, कुत्रा वळला, शेठ वळला.

पुढचं शेठने नंतर सांगितलं. मोठ्या रस्त्यावर गाडी दिसेनाशी झाली तरी कुत्रा धावत राहिला. डांबर वितळून चकाकत होतं. मग त्याचे पाय वाकडे पडायला लागले, तोंडाला फेस आला आणि तो बसला. शेठने त्याला खांद्यावर घेतला. बकरा घ्यावा तसा, आणि अनवाणी चालत घरी आणला. मोबाईल घरात होता. आणि कुणी मदतीला येईल म्हणून हाक मारावी, हे त्याला सुचलं नाही. आयुष्यभर सगळ्यांना हाका मारणारा माणूस.

आपले पाय आगरातले आहेत, असं तो समजत होता. ते पाय कधीच गेले होते.

रिक्षा मिळाली. रिक्षावाल्याने कुत्रा बघितला आणि मान हलवली.

"मावशी, कुत्रा नाही घेत. केस पडतात."

"तू मला घेतोयस," मी म्हटलं. "हे माझं सामान आहे."

"सामान चावेल ना!"

"चावायला जीव लागतो. बस गप आणि चालव."

मी मागे बसले. कुत्र्याचं ओलं डोकं माझ्या मांडीवर आणि शेठ दुसऱ्या बाजूला कोंबून. मला कुत्री आवडत नाहीत. तेव्हाही आवडलं नाही. माझी धुतलेली साडी, त्यावर पेज, फेस आणि बांगड्याचा वास. रस्ताभर शेठ एकच करत होता. गोणपाट सरकलं की पुन्हा नीट पांघरायचा, चारी बाजूंनी दाबून, बाळाला पांघरतात तसं.

जनावरांची डॉक्टर तरुण मुलगी होती. बारीक, चष्मेवाली. तिने दारातच ते गोणपाट ओढून फेकलं.

"हे कुणी घातलं?"

"मी," शेठ म्हणाला. "गारव्याला."

"काका, आत वाफ कोंडते. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, जीभ बाहेर काढून श्वासावाटे तो उष्णता टाकतो. त्यात तुम्ही वरून झाकण लावलंत." ती बोलता बोलता कुत्र्याच्या पोटावर, काखेत, पायांत साधं पाणी मारत होती. मोठा पंखा अगदी जवळ ओढला. "तोंडात काय घातलंय?"

"पेज."

"मीठ घालून?"

"मग? घामाला मीठ लागतो. आमच्या आगरात..."

"याला नको! मिठाने हा आणखी सुकेल. आणि शुद्धीत नसताना तोंडात काही ओतलं की छातीत जातं. लोणचं घालायला निघालात का कुत्र्याचं?"

मी शेठकडे बघितलं. आता तो म्हणेल, मी मिठावरचा मानूस हाय. तो म्हणाला नाही. त्याने पेजेचा चमचा, तो अजून त्याच्या हातातच होता, लुंगीला पुसला आणि खाली बघत उभा राहिला.

डॉक्टरने सलाईन लावलं. मग तिला काय वाटलं कोण जाणे, आवाज खाली आणून म्हणाली, "केस नाही कापलेत ते बरं केलंत. या जातीला केस उन्हापासून वाचवतात. बरेच लोक भादरून आणतात आणि मग कातडी भाजते."

शेठने मान हलवली. पण आता त्यात त्याला काही गोडी राहिली नव्हती.

कुत्र्याच्या चारी पायांना मलम लावून पट्ट्या बांधल्या. मग तिने शेठचे पाय बघितले.

"बसा. पाय वर."

"मना काय नाय झाला."

"मी माणसांची डॉक्टर नाही, पण आंधळी पण नाही. साखर आहे का तुम्हाला?"

शेठने पाय लुंगीखाली ओढले. "आहे," मी म्हटलं. "गोळ्या खात नाही."

तिने त्याच्याही पायांना पट्ट्या बांधल्या आणि माणसांच्या डॉक्टरकडे आजच जा म्हणून बजावलं. मग म्हणाली, "आजची रात्र गेली तर कुत्रा राहील. पण उन्हाळा बाकी आहे. एकदा असं झालं की पुन्हा लवकर होतं. याला एसीत ठेवा. तुमच्याकडे नसेल तर जिथे असेल तिथे पाठवा. पुढच्या वेळी मला काही करता येणार नाही."

रात्र गेली. कुत्रा राहिला. सोमवारी संध्याकाळी नरेश त्याला न्यायला आला. स्वराही होती. रडून तिचे डोळे सुजले होते.

शेठ खाटेवर पाय वर करून बसलेला. कुत्रा खाली. दोघांच्या पायांना सारख्याच पांढऱ्या पट्ट्या. मी भाकरी-कालवण घेऊन गेले होते, कारण त्याला उठता येत नव्हतं.

"बाबा, आम्ही नेतो याला," नरेश म्हणाला. "दिवसा सांभाळायला एक बाई मिळालीय. एसी चालू ठेवू."

शेठ लगेच म्हणाला, "हाव. ने. हितं जगायचा नाय." आणि उशीखालून साखळी काढून त्याच्या हातात दिली. आधीच काढून ठेवलेली.

स्वरा कुत्र्याच्या पाठीवर हात फिरवत होती. तिने डोकं वर केलं आणि साधं विचारलं, "पप्पा, मग आपण रविवारी इथे कशाला यायचं?"

पोरगी वाईट नाही. तिला खरंच प्रश्न पडला होता.

"अगं, आजोबांना भेटायला," नरेश म्हणाला. पण म्हणायला त्याला वेळ लागला. तेवढ्या वेळात माझ्या हातातली भाकरी कडक झाली.

शेठ भिंतीकडे बघत होता. मग त्याने हात पुढे केला आणि साखळी परत घेतली.

"एसी लाव," तो म्हणाला.

"काय?"

"हितं लाव. आतल्या खोलीत. उद्या मानूस पाठव."

नरेश बापाकडे बघत राहिला. "बाबा, त्या खोलीत? नक्की?"

"सांगतंय ना!"

मला काही कळलं नाही. मी ताट ठेवून वर गेले.

दुसऱ्या दिवशी एसीवाले आले. भिंतीला भोक पाडायला लागले, तसा शेठ लंगडत जिना चढून माझ्या दारात येऊन बसला. पट्ट्यांतून रक्त आलेलं. मी ओरडले. तो म्हणाला, आवाज होतो खाली. त्याला आवाजाचा त्रास, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

एसी लागला. सोन्याला आत नेला. शेठ बाहेर खाटेवर. पण कुत्रा आत राहीना. दारावर पट्टीचे पाय घासायचा आणि रडायचा. खायला दिलेलं तोंडात घेईना. दार उघडलं की सरपटत बाहेर, शेठच्या खाटेखाली, तापलेल्या फरशीवर. डॉक्टरने हलू देऊ नका म्हणून सांगितलेलं. पुन्हा धाप लागायला लागली. मी म्हटलं, "शेठ, तुम्ही आत जा म्हणजे तो जाईल. साधी गोष्ट आहे."

"जातंय," तो म्हणाला, पण गेला नाही.

मी संध्याकाळी भाकरी घेऊन गेले तर खाट रिकामी. आतल्या खोलीचं दार लोटलेलं. उघडलं आणि मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. मे महिना, बाहेर माणसं वितळतायत, आणि आत बाळारामशेठ लोकरीचा स्वेटर, कानटोपी आणि वर गोधडी घेऊन खुर्चीत बसलेला. कुडकुडत. सोन्या त्याच्या पट्टी बांधलेल्या पायांवर मान टाकून घोरत होता. ताटली चाटून स्वच्छ.

"मिठावरचा माणूस थंडीने मेला, असं छापून येईल," मी म्हटलं.

तो हसला नाही. एसीकडे बोट करून म्हणाला, "तसाच घुरघुरतो."

"काय?"

"हिरा गेली तवा नरेश दुबईला होता. त्याला यायला टायम लागला. मे महिनाच. मग ती बरफाची पेटी आनली, मयताची. हितं ठेवलेली, या भिंतीला. रातभर ती मशीन अशीच घुरघुरत होती." त्याने गोधडी ओढली. "सगली म्हनाली, आत बस तिच्यापाशी. मी नाय बसलो. मना ती थंडी सोसली नाय. भाईरच बसलो, सकाल होई तवर. ती एकटीच होती आत."

मी ताट खाली ठेवलं. अशा वेळी बोलण्यासारखं काही नसतं, आणि लोक उगाच बोलतात.

"आता बसतंय," तो म्हणाला.

"मफलर पण घ्या," मी म्हटलं आणि ताट खुर्चीपाशी सरकवून दार लावून घेतलं, गारवा बाहेर जात होता.

उरलेला सगळा उन्हाळा तो तसाच बसला. रविवारी नरेश आणि स्वरा आता संध्याकाळपर्यंत थांबायला लागले, कारण घामोळं येत नाही. स्वरा फरशीवर कुत्र्याला टेकून बातम्या ऐकते. नरेश बापाच्या खुर्चीत झोपतो, म्हणून शेठला बसायला पाट घ्यावा लागतो. शेठच्या डाव्या पायाची जखम चिघळली होती. माणसांच्या डॉक्टरने एक बोट काढावं लागेल की काय असं घाबरवलं, तेव्हा तो गोळ्या खायला लागला. कुत्र्याचे पाय आधी भरले, शेठचे खूप नंतर.

मी त्याला विचारलं होतं, आता पेजेत मीठ घालू का तुमच्या. म्हणाला, "माज्या घाल. त्याच्या नको."

कुत्रा जगला. बाळारामशेठही जगला.